गाजरगवताचं वाण

गवताच्या बीवर इतका डूख धरून बसलेला दुसरा माणूस अख्ख्या नाशकात नसेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीनंतर द्वारका चौकाच्या अलीकडे, आपल्या बैठ्या घरामागे त्यांनी दुसरी प्रयोगशाळा थाटली. तणाचं खत करायचं, पण त्यातलं एकही बी जिवंत बाहेर पडू द्यायचं नाही, एवढंच तिथलं काम. आम्ही सगळे त्यांना हसायचो. मी तर हसण्याच्या पुढे जाऊन त्यांना एक वाक्य बोललो. ते आठवलं की आजही घास उतरत नाही.

त्यांच्याकडे प्रत्येक तणाला वेगळी शिक्षा होती. फुलं न धरलेलं तण सरळ ढिगात. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी ड्रमातल्या पाण्यात, झाकण लावून, पार कुजेपर्यंत. हे झाकण त्यांनी नेमकं शेजारच्या सत्यनारायणाच्या दिवशी उघडलं, तेव्हा गुरुजींनी चौथा अध्याय नाकाला उपरणं लावून वाचला. फुलोऱ्यावर आलेलं गाजरगवत मात्र काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड आवळून, उन्हाळाभर गच्चीवर. वर तारखेची चिठ्ठी. बी मरायला ढीग आतून तापावा लागतो, म्हणून त्यात एक लोखंडी गज खुपसलेला असे. तो उपसून तळहाताला लावायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "अजून म्हणावा तसा तापला नाही." हात पोळला की त्या दिवशी चेहरा खुलायचा. एवढं करून झालेलं खत एका कुंडीत भरून, पाणी घालून, तीन आठवडे पहारा. एक हिरवं टोक दिसलं की अख्खा ढीग नापास, पुन्हा पहिलीत. "माझ्या अंगात कणकण आहे याचा यांना पत्ता नाही," ताई म्हणायची, "ढिगाचा ताप मात्र दिवसातून दोनदा बघतात." पंचवटीत त्यांच्या भाच्याच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, तेव्हा हे कार्यालयामागे गाजरगवताचे तुरे कात्रीने कापून पिशवीत भरत होते. वधूपक्षातल्या कुणीतरी त्यांना तिथला माळी समजून पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारलं. दाजींनी ती दाखवलीही.

हे वेड जन्मजात नव्हतं. पहिल्या वर्षी ते तुमच्या-माझ्यासारखेच बेफिकीर होते. जे उपटलं ते फुलांसकट ढिगावर टाकलं, सहा महिन्यांनी काळंभोर खत निघालं आणि दाजी हरखले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यावं, हा ताईचा प्रश्न होताच. प्लास्टिकचे डबे घेऊन बायका कंटाळल्या होत्या. दाजींनी छोट्या कापडी पिशव्या शिवून आणल्या आणि कॉलनीतल्या तीसेक घरांत ताईच्या हातून खत गेलं. बायकांनी कौतुक केलं, तुळशीला घातलं, उरलेलं कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर झटकलं. पावसाळ्यात तो प्लॉट गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून गेला. ताईच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला. दमा तिला आधीपासून होता, पण त्या भाद्रपदात फुलांच्या परागांनी ती जी धापेला लागली ती पुन्हा धड सावरलीच नाही. दाजी दारोदार जाऊन, हात जोडून, लोकांच्या तुळशीतली रोपं उपटून आणत. प्लॉट तर दर पावसाळ्यात एकट्याने, गुडघ्यांवर बसून साफ करत. चार वर्षं हे चाललं.

ताई गेली त्या सकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, "तुमच्या खतानं मारलं तिला." डॉक्टर मागेच उभे होते. "अहो, हे गवत सगळ्या शहरात आहे," ते म्हणाले, "एकट्या यांच्या ढिगातून नाही आलेलं." दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू माझंच उत्तर बरोबर होतं. त्यानंतर दोन वर्षं मी कामाला इगतपुरीहून नाशकात येत होतो, जात होतो, पण त्यांच्या घरची पायरी चढलो नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला मी रागाचं नाव दिलं होतं.

यंदाच्या श्रावणात शेवटी गेलो. दाजी प्लॉटवरच वाकलेले सापडले, पाठ पार वाळलेली. ताई नाही, मग आता हे कुणासाठी, असं विचारणार होतो. त्याऐवजी मी बाह्या सारल्या, शेजारी बसलो आणि एका रोपाला हात घातला. "दाजी, त्या दिवशी मी जे बोललो..."

त्यांनी माझं मनगट धरलं. "सोड. हात लावू नकोस त्याला."

राग आहे अजून, मला वाटलं. असायलाच हवा होता.

"तुम्ही दोघं एका आईची," ते म्हणाले. "तुलाही धाप लागायची. जा, त्या बाजूला उभा राहा. तिकडे वारा येत नाही."

मग खिशातला रुमाल काढून त्यांनी माझ्या नाकातोंडावर बांधला, गाठ नीट बसली की नाही ते पाहिलं आणि पुन्हा खाली वाकले. त्यांनी सांगितलं तिथे मी जाऊन उभा राहिलो. रुमालाआड मला रडू आवरत नव्हतं, आणि ते त्यांना धाप वाटू नये म्हणून मी रस्त्याकडे तोंड केलं.