चौथ्या कप्प्यातला डबा

त्रिलोकेकर गेल्याची बातमी श्रीधरने आणली. मी वाडीच्या वाचनालयात बसून नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो. तो दारातच थांबला. "मास्तर, त्रिलोकेकर वारले. सकाळी चहा घेता घेता मान टाकली," एवढे म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. अशा वेळी आधी काय वाटावे हे माणसाच्या हाती नसते. मला दुःख झाले, पण ते नंतर. आधी मनात आले ते हे की, आता कळायचे राहिले... श्रीधरच्याही मनात तेच आले असावे. खाली मान घालून तो म्हणाला, "शेवटपर्यंत काही बोलले नाहीत."

त्याआधी तीन आठवडे, महाराष्ट्र राज्य झाले त्या सकाळी, ते मला जिन्यात भेटले होते. गिरगावात सगळीकडे तोरणे लागली होती, आमच्या वाडीत पेढे वाटणे चालू होते. चार वर्षे आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. मी बाजूला झालो तसे तेच थांबले. "राज्य झालं, मास्तर. निपाणी मात्र बाहेर राहिली." मी नुसते "हं" म्हटले. दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वळले. "माझा डबा चौथ्या कप्प्यात आहे ना अजून?" मी म्हटले, "आहे." "असू दे. त्याच्याशेजारी कागद तेवढे ठेवू नका." मला संताप आला. ज्या कागदांपायी श्रीधरने पाच महिने तुरुंगात काढले आणि नोकरी घालवली, त्यांचा विषय या माणसाने असा सहज काढावा! उत्तर न देता मी वर निघून गेलो. हेच आमचे शेवटचे बोलणे.

त्रिलोकेकर जुने मुंबईकर, पाठारे प्रभू. आजोबांची दोन घरे होती म्हणत. नातवाच्या वाट्याला आमच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या होत्या. गोदीच्या कचेरीत कारकुनी करीत. मी रत्नागिरीकडून आलेला शाळामास्तर, वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. पुस्तकांमुळे आमची ओळख झाली, आणि पाइपमुळे मैत्री. वहिनींना तंबाखूचा वास अजिबात चालत नसे, म्हणून पाइप आणि तंबाखूचा पत्र्याचा डबा त्यांनी वाचनालयाच्या कपाटात, चौथ्या कप्प्यात, प्रवासवर्णनांच्या शेजारी ठेवला होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की ते यायचे, मागच्या गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसायचे आणि आठवड्यातला एकुलता एक पाइप ओढायचे. बाकीचे सहा दिवस विडी नाही, सिगारेट नाही. मी एकदा विचारले, एवढा आवडतो तर रोज का नाही? म्हणाले, "आवड आणि सवय यांच्यात सहा दिवसांचं अंतर ठेवावं, मास्तर. नाहीतर एकीचं तोंड दुसरीसारखं दिसायला लागतं."

तंबाखूची निवड हा त्यांच्या दृष्टीने ओढण्याहून मोठा भाग होता. महिन्यातून एकदा फोर्टात एका पारशी म्हाताऱ्याच्या दुकानी जायचे. मी दोनदा बरोबर गेलो आहे. तिथे काचेच्या बरण्या असत. ते बरणीत नाक घालत नसत, झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घेत. मग चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडत. चिमूट सावकाश उमलली पाहिजे. झटकन सुटली तर माल कोरडा, तशीच गोळा होऊन राहिली तर ओला. दोन हिस्से पिवळ्या गोड पानाचे, एक हिस्सा धुरी दिलेल्या काळ्या पानाचा, आणि वाडीत आल्यावर स्वतःच्या हाताने त्यात एक चिमूट निपाणीच्या तंबाखूची. हा तंबाखू कचेरीतला एक शिपाई गावाहून आणून देई. तो विडीचा उग्र तंबाखू इंग्रजी मिश्रणात घालणारा मुंबईत दुसरा कोणी नसेल असे ते अभिमानाने सांगत. डब्यात उन्हाळ्यात सफरचंदाची फोड असे, पावसाळ्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी. मी चिडवायचो, "साहेबाचं हे नळकांडं तुम्हाला कशाला हवं?" ते पाइपच्या वाटीतली राख आगकाडीने हलकेच दाबत म्हणत, "साहेब गेला, नळकांडं राहिलं. आणि आत काय भरलंय ते बघा की. साहेबाच्या पोटात निपाणी आहे!"

वाडीला हे सारे पटत नव्हते, हे मात्र खरे. गॅलरीत कोट घालून, काही न बोलता, धूर सोडत खाली बघत बसणारा माणूस लोकांना आपल्यावर नजर ठेवणारा वाटतो. श्रीधरची आई मालवणकडची, तोंडाची फटकळ. नळावरून हंडा घेऊन जाता जाता मोठ्याने म्हणे, "बघा, लाटसाहेब बसले!" तेव्हा ती गंमत होती.

मग मुंबईसाठीचा लढा पेटला. आमच्या वाडीतून हस्तपत्रके निघू लागली. मजकूर मी लिही, स्टेन्सिल त्रिलोकेकर कोरत, कारण त्यांचे अक्षर छापल्यासारखे होते, आणि प्रती श्रीधर काढी. तयार गठ्ठे वाटायला जाईपर्यंत आठ-आठ दिवस कपाटात ठेवावे लागत. चौथा कप्पा मी निवडला; प्रवासवर्णने कमी लोक मागत. आमच्या तिघांखेरीज ही जागा कोणालाही ठाऊक नव्हती.

त्याच सुमारास शाळेच्या कामासाठी फोर्टात गेलो असता पारशाच्या दुकानाच्या काचेतून मला त्रिलोकेकर दिसले. शेजारी एक धिप्पाड, गोरटेला गृहस्थ उभा होता, हातात त्याचा स्वतःचा पाइप. त्रिलोकेकरांनी आपली तंबाखूची चामड्याची पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली, त्याने डोळे मिटून वास घेतला आणि दोघे हसले. मी आत गेलो नाही. पुढच्या शनिवारी मुद्दाम विचारले, "फोर्टात गेला होतात?" ते म्हणाले, "हो. एक चांगला दर्दी भेटला." नाव विचारले तर म्हणाले, "नाव कोण विचारतो? तंबाखू काय ओढता ते विचारतो."

पंधरा-वीस दिवसांनी पोलिस आले. पुढे तोच धिप्पाड माणूस होता, आता गणवेशात. वाचनालयाच्या उंबऱ्यात उभा राहून त्याने नाक वर केले. आमच्या दरिद्री वाचनालयाचा त्याला तिटकारा आला असेल असे मला वाटले. खोलीत पाच कपाटे होती. चार कपाटांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. सरळ पाचव्यापाशी जाऊन चौथ्या कप्प्याकडे बोट केले. श्रीधर तिथेच पत्रकांच्या घड्या घालत बसला होता, त्याला धरून नेले. त्रिलोकेकर तेव्हा कचेरीत होते; जागेवर सापडले नाहीत म्हणून की काय, त्यांना नंतरही कोणी धरले नाही. मी शाळेतून नुकताच येऊन दाराशी उभा होतो. मला कोणी काही विचारले नाही. त्याचीही मला नंतर शंका येऊ लागली... मला का सोडले? मैत्री लक्षात घेऊन कोणी माझे नाव वगळले असेल काय?

मी दुकानात पाहिलेले एकाच माणसाला सांगितले. वाडीत एकाला सांगणे पुरते. चार दिवसांत त्रिलोकेकरांच्या दारावरून जाणारे लोक बोलणे थांबवू लागले. वर्गणी मागायला कोणी जाईना. श्रीधरच्या आईने माझ्यादेखत हंडा खाली आपटून म्हटले, "मास्तरानू, त्या नळकांडेवाल्याक इचारा, माझ्या झिलाक कित्याक धरून दिलंस म्हणान!" मी विचारले नाही. विचारले असते तर त्यांना उत्तर तरी देता आले असते. पुढच्या शनिवारी ते वाचनालयात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पाइप कोणाकडून तरी मागवून घेतला, डबा नेला नाही. त्यांनी धूम्रपान सोडले हे कळले तेव्हा मी मनाशी म्हटले, मन खाते आहे. शनिवारी दुपारी ते आपल्या खिडकीत बसलेले दिसत, तोंड वाचनालयाकडे. तेव्हाही मी म्हटले, अजून नजर ठेवून आहेत. संशयाला काहीही चालते.

त्रिलोकेकर गेल्याला दहा दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. लोकलाजेस्तव गेलो म्हणा. त्यांनी पाइप आणून माझ्यापुढे ठेवला. "हा तुम्ही न्या, मास्तर. मी वास नको म्हणून इतकी वर्षं घराबाहेर ठेवला. शेवटी घरात आला तर तंबाखूच नाही! दर शनिवारी खिडकीत बसायचे, रिकामा पाइप दातांत धरून. मी म्हटलं, अहो, ओढा आता, मी काही बोलणार नाही. तर म्हणाले, नको, त्याचा वास फार लांब जातो."

पाइप डब्याशेजारी ठेवावा म्हणून मी चौथा कप्पा उघडला. जागा करायला एक प्रवासवर्णन बाहेर काढले. ते बरेच दिवस कोणी नेले नव्हते. पाने उघडली आणि तोंडावर तो वास आला... गोड, धुरकट, मागून निपाणीचा ठसका. मी तसाच उभा राहिलो. मग वाचनालयाची जुनी सूचनावही काढली. छाप्याच्या आधीच्या पावसाळ्यात एका वर्गणीदाराने लिहिले होते: चौथ्या कप्प्यातील पुस्तकांना तंबाखूचा वास येतो. खाली माझ्या अक्षरात शेरा होता: नोंद घेतली. आणि त्याच्याबरोबर आठवले ते त्रिलोकेकरांचे वाक्य. पहिला गठ्ठा मी त्या कप्प्यात ठेवला त्या दिवशी ते म्हणाले होते, "इथे नको, मास्तर. कागद वास धरतो." मी हसलो होतो. "लोक पत्रक वाचतील, हुंगणार नाहीत," असे काहीतरी बोललो होतो. हे वाक्य मी चार वर्षे विसरलो होतो. विसरलो होतो, की विसरणे सोयीचे होते, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तरी माझा स्वभाव असा की एवढ्यावर विश्वास बसेना. एक कोरा कागद घडी करून मी डब्याशेजारी ठेवला. आठ दिवसांनी तो पाकिटात घालून फोर्टात गेलो. पारशी आता पार थकला आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी काही न सांगता कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो नाकाशी नेला आणि लगेच म्हणाला, "हा तर तिरलोकेकरसाहेबचा मिक्श्चर. ह्याच्यात तो देसी तंबाखू हाय ना, तो दुसरा कोन टाकते?" मग माझ्या दिशेने मान वळवून त्रासिकपणे म्हणाला, "पन तुमी लोक सगले कागद घेऊन माझ्याकडे कशाला येते? पैला तो पोलिसवाला साहेब आला, आता तुमी."

मी विचारले, त्रिलोकेकरांना हे ठाऊक होते का? "मीच सांगितला ना त्याला. मी बोलला, तुमच्या वासाचा कागद घेऊन पोलिसवाला साहेब आला होता, ह्याच्यावरचा वास कोनाचा विचारत होता. मी नाव दिला. मला काय माहीत कशाला? तिरलोकेकर ह्या खुर्चीत बसला, लई वेळ. मग उठून गेला. तंबाखू घेतला नाय. परत कधी आला नाय."

म्हणजे तो पोलिस पत्रकाच्या वासावरून पारशाकडे, तिथून वाडीत आणि उंबऱ्यातून नाकाच्या मागे थेट त्या कप्प्यापर्यंत आला होता, आणि चार वर्षे त्यांना सारे ठाऊक होते. एक वाक्य बोलले असते तर त्यांच्यावरचा कलंक गेला असता आणि दोष जिथला तिथे, माझ्याकडे आला असता. ते बोलले नाहीत. माझ्यासाठी गप्प राहिले? की मित्राने विचारल्यावाचून खुलासा करायचा नाही, एवढाच ताठा होता? हे मात्र आता खरेच कळायचे राहिले. जिन्यात त्या सकाळी त्यांनी बोलण्याचे दार जरासे उघडून पाहिले होते, एवढे मला आज दिसते.

श्रीधरला सांगितले. त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मगे आता गाळी कोणाक घालू, मास्तरानू? तुमका?" मी म्हटले, "हो." ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. वाडीत आणखी किती दारांवर जाणार? म्हणून हे इथे लिहिले.

डबा आहे तिथेच आहे. पावसाळा आहे, पुरचुंडीतले तांदूळ मी बदलले. चौथ्या कप्प्यातून पुस्तक नेणारे अधूनमधून परत येऊन सांगतात, मास्तर, याला कसलासा वास येतो. मी सूचनावही पुढे करतो. पुस्तके मात्र मी तिथून हलवलेली नाहीत.