त्या अल्बमातला माग माझ्या तोंडातला हाय

आधी सांगून टाकतो. त्या अल्बमातल्या तिसऱ्या गाण्यात जो यंत्रमाग वाजतोय, ते माझं तोंड हाय. जीभ, टाळू, वरचे दोन दात आणि थोडी थुंकी. एवढंच सामान. लोक म्हणतात, जाऊ दे रं, मन मोठं कर. का करू?

मी वडगावचा. घरातच माग. पुढं शेड, मागं स्वैपाकघर, मधी आम्ही. बोलाय यायच्या आधी मला नक्कल याय लागली असं आई सांगते. शाळेत हेडमास्तरांचा खोकला काढायचो, तर मागल्या बाकावरची पोरं उठून उभी राहायची. निपाणीच्या गाडीत कंडक्टर काढायचो, "मुंद होग्री, मुंद होग्री," तर म्हातारी माणसं पिशव्या उचलून खरंच पुढं सरकायची. एकदा बाईंनी छड्या दिल्या आणि वर म्हणाल्या, "ह्याच्या तोंडात सगळ्यांचा आवाज हाय, ह्याचा सोडून." छड्या विसरलो. ते वाक्य न्हाय.

तर अल्बमवाला. नाव घेत न्हाय, त्यानं माझं कुठं घेतलंय? मूळचा टिळकवाडीतला, आता बेंगळुरात असतोय, कॉम्प्युटरवर गाणी करतोय. गाणारं कोण न्हाय, वाजवणारं कोण न्हाय. आवाज तोडायचे, जोडायचे, खाली धडाधडा ठोका लावायचा. त्याला म्हणे मागांवर अख्खा अल्बम करायचा होता. चहाच्या गाड्यावर त्यानं विचारलं, कुणाच्या शेडमधी जाऊ? लोकांनी आमच्याकडं धाडला, कारण आमचे आप्पा कुणाला न्हाय म्हणत न्हाईत.

आला. दांडीला केसाळ माईक, मांजर टांगल्यागत. दोन दिवस शेडमधी उभा. पण वडगावात एक माग एकटा कधी वाजतोय? आमचे चार, शेजारचे सहा, गल्लीपलीकडं आणि किती. त्याच्या हेडफोनात नुसता गदारोळ.

"काका, मला एकच माग पाहिजे. सोलो."

आप्पा म्हणाले, "मग अख्ख्या गल्लीला सुट्टी द्या. आणि शेजाऱ्यास्नी तुम्हीच सांगा जाऊन."

तिसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. सगळे माग एकदम गप्प. अल्बमवाला डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मला चेष्टा सुचली. त्याच्या मागं उभा राहून तोंडानं माग सुरू केला. गडी ताडकन उठला, "आला, आला!" म्हणत माईक घेऊन आत पळाला. आत सगळं थंड. बाहेर आला, तर मी अजून चालूच.

माझ्या तोंडाकडं बघत बघत म्हणाला, "ब्रो. थांबू नको."

मग साड्यांच्या खोलीत नेलं मला. आमचीच खोली. चारी बाजूंनी साड्यांचे गठ्ठे पार छतापर्यंत, त्यामुळं आत आवाज घुमत न्हाय, स्टुडिओपेक्षा भारी हाय म्हणाला. दार लावून तासभर मी माग झालो. सुरू होताना, पळताना, धागा तुटून थांबताना, परत सुरू होताना. ओठ सुजले. शेवटी त्यानं मिठी मारली. "ब्रो, अल्बमवर तुझं नाव येणार. प्रॉमिस."

मी मच्छेत कारखान्यात कामाला. तिथं सगळ्यांस्नी सांगितलं. आक्काला सांगितलं, म्हणजे तिच्या सासरी खानापुरात सगळ्यांस्नी सांगून झालं. पहिल्यांदाच कुठंतरी माझं नाव माझ्या आवाजाखाली येणार होतं. आई-आप्पांस्नी मात्र नाव छापून आल्यावरच सांगायचं आणि शाळेतल्या बाईंस्नी पण नेऊन दाखवायचं ठरवलं होतं.

अल्बम आला. नावांची यादी बघत खाली गेलो. मिक्सिंग कुणाचं, फोटो कुणाचा, चहा कुणाचा. त्याच्या कुत्र्याचं पण नाव होतं. आणि शेवटी ही ओळ: 'यंत्रमागांचे सर्व आवाज वडगाव येथील चालू मागांवरून प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित.' संपलं. कुत्रा हाय, मी न्हाय.

फोन लावला.

"अण्णा, माझं नाव राहिलंय वाटतं."

"राहिलं न्हाय रे ब्रो. समजून घे. लोकांना मशीन ऐकायचंय. तोंडानं काढलंय म्हटलं की कॉमेडी होतंय सगळं."

"मग प्रॉमिस का केलतास?"

"तवा मी व्हाइबमधी होतो."

कॉमेडी! हेडमास्तरांचा खोकला कॉमेडी होता, मान्य. पण ओठ सुजेस्तोवर काढलेला आवाज ह्याला ऐकाय गंभीर लागतोय आणि काढणारा माणूस जोकर लागतोय? फोन ठेवला आणि तासभर नुसता त्याचाच आवाज काढत बसलो, "व्हाइबमधी होतो, व्हाइबमधी होतो." हुबेहूब जमला. राग मात्र गेला न्हाय.

आप्पांस्नी काय बोललो न्हाय. नुसता हेडफोन त्यांच्या कानाला लावला. आप्पा शेडबाहेर बसून आवाजावरनं सांगतात कुठल्या मागाचं काय बिघडलंय. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं कपाळाला आठी.

"ह्यो माग तुला कुठं घावला रं?"

"का?"

"तिसरा ठोका उशिरा पडतोय. पट्टा सैल हाय. ह्यो आपला दारापाशी होता त्यो. भंगारात घातला की आपण, तू दहावीत असताना."

मी त्योच माग काढतोय, हे मला पण ठाऊक नव्हतं. त्याच मागाशेजारी बसून मी अभ्यास करायचो. मला वाटायचं, माग म्हणजे असाच वाजतोय.

"आप्पा, माग न्हाय. त्यो मी हाय."

"काढ बघू."

काढला. आतनं आई ओरडली, "दाराजवळचा माग कुणी चालू केला गं बाई?"

आप्पा उठले, धुतलेला सदरा घातला. "कुठं असतोय त्यो गडी?"

त्याच दिवशी संध्याकाळी टिळकवाडीत एका कॅफेत अल्बम ऐकायचा कार्यक्रम होता. गेलो. गाणं वाजलं, लोक डोळे मिटून माना हलवत होते. मग अल्बमवाल्यानं माईक घेतला. "ह्या मागापाशी मी तीन दिवस उभा होतो. मला त्याचा आत्मा ऐकू आला."

आप्पांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "कुठला माग?"

"काका, तुमच्याच शेडमधला. चालू माग."

"ह्यो माग तर सात वर्षं झाली भंगारात जाऊन. आत्मा तुमास्नी आत्ता कसा घावला?"

लोक हसले. अल्बमवाला पण हसला. "काय कान हाय काकांचा! काकांसाठी टाळ्या." टाळ्या झाल्या. असं असतंय बघा. ह्यांच्या तोंडावर खरं बोललं तरी हे टाळ्या वाजवून मोकळे.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "काढ रं."

मी उभा राहिलो आणि काढला. अख्खा. तिसऱ्या ठोक्याच्या सैल पट्ट्यासकट. सगळ्यांनी माना वळवल्या. मला वाटलं, झालं, कळलं. तेवढ्यात पुढली एक मुलगी म्हणाली, "वॉव, सेम टु सेम अल्बमसारखं काढतोय!" परत टाळ्या. अल्बमवाल्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "बघा, पहिला फॅन. अख्खा ट्रॅक पाठ केलाय ह्यानं!"

आप्पा जागेवरनं ओरडले, "पाठ काय केलाय? ह्योच हाय त्यो माग!"

त्यावर तर लोक लईच हसले.

जन्मभर दुसऱ्याची नक्कल केली, कधी घावलो न्हाय. एकदाच अस्सल होतो, तर भर सभेत मला माझीच नक्कल ठरवलं. आप्पांनी हाताला धरून बाहेर काढलं.

गाडीवर आप्पा मागं बसले. गल्लीच्या तोंडाला म्हणाले, "पट्टा बदलतो बदलतो म्हणत राहूनच गेलं बघ माझ्याकडनं."

"बरं झालं की आप्पा. न्हायतर ओळखला कसा असता?"

काल अल्बमवाल्याचा मेसेज आला. 'ब्रो, नेक्स्ट अल्बम हातमागावर. तुझं तोंड पाहिजे. ह्या वेळी नाव नक्की.'

साड्यांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि त्याला एक व्हॉइस नोट धाडली. त्याच्याच आवाजात, त्याच्या त्या नाकातल्या 'ब्रो'सकट: "ब्रो, खरं सांगू? त्या अल्बमात वडगावचा एक पण माग न्हाय. ते एका पोराचं तोंड हाय. मी त्याला नाव देतो म्हटलं आणि दिलं न्हाय. व्हाइबमधी होतो."

लगेच उत्तर आलं. 'हे मी कधी बोललो??? कुणाकुणाला पाठवलायस?'

मी लिहिलं, 'फक्त तुला. आवाज प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित हाय. आधी जुन्या अल्बमवर माझं नाव लिही, मग हातमागाचं बोलू.'