सोमवारचं जड स्टिअरिंग

माझ्या गाडीचं स्टिअरिंग फक्त सोमवारी जड व्हायचं. बाकी सगळे दिवस एका बोटानं फिरायचं, आणि सोमवार उजाडला की अडेल बैलासारखी मान घट्ट करून बसायचं. हे कोणाला सांगितलं की लोक हसायचे. "गाडीले वार समजते काय बाई?" हसा म्हटलं, हसा. तुमच्या बापाचं काय जाते?

गाडी नवी कोरी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, कारण माझ्या नवऱ्याला ते तसंच आवडायचं. पगार माझा, गाडी माझ्या नावावर, प्लास्टिक मात्र त्याच्या मर्जीनं. मी कृषी सहायक आहे. मुकुटबनला खोली करून राहते आणि झरी जामणीच्या जंगलाकडच्या गावांत फिरते, जिथे एसटीचा भरवसा धरला तर पेरणी उलटून जाईल. सासर बोरी अरबजवळच्या तांड्यावर. मुलगी यवतमाळला हॉस्टेलवर. शनिवारी येताना तिला घ्यायची, सोमवारी सकाळी जाताना सोडायची आणि तशीच पुढे पांढरकवड्याच्या रस्त्याला लागायची. गाडी घेतली ती यासाठीच. आठवड्यातून दोन वेळा का होईना, लेक माझ्या शेजारी बसायची आणि बडबड करायची.

तर सोमवारी काय व्हायचं? तांड्यातून निघून हळू वळण घेतलं की समोर पिवळा दिवा लागायचा, स्टिअरिंगचं चित्र आणि बाजूला उद्गारचिन्ह, आणि हातातलं चाक दगड व्हायचं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा गायब. आणखी एक होतं. सोमवारी गाडीतलं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं. मी ते नीट करायची आणि ते मुकुटबनला आठवडाभर नीट चालायचं. मला वाटलं, घड्याळच भिकार दिलं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या एवढंही सुचलं नाही, कपाळ माझं!

यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तेव्हा नवरा सोबत आला. तिथल्या मेकॅनिकनं लॅपटॉप जोडला, बॉनेट उघडलं आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं, की हे स्टिअरिंग विजेच्या मोटारीवर चालतं. हळू वळताना मोटार सगळ्यात जास्त करंट ओढते. बॅटरीची जोडणी ढिली असली की तेवढा करंट मिळत नाही, मोटार बंद पडते आणि चालवणाऱ्याच्या हातावर सगळा भार येतो. "तुमचा टर्मिनल ढिला होता. मी कसला आहे. घरी कोणी काढते काय?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला. "कोण काढीन? नव्या गाडीच्या बॉनेटले कोणी हातबी नाही लावत." मग हसून म्हणाला, "खरी गोष्ट वेगळी हाय भाऊ. बाईमाणसाचा हात हाय. ताकद नाही लागत काय थोडी?"

मेकॅनिकही हसला. मलाही वाटत होतं की घरी कोण कशाला बॅटरी काढेल.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तोवर तांड्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती. लग्नाला गेलं की जावा विचारायच्या, "हात बसला का वं आता?" मी वर्षानुवर्षं स्कूटी चालवलेली, ऑफिसची जीप चिखलातून काढलेली बाई. पण खरं सांगते, रोज रोज ऐकून माझाच माझ्या हातावरचा विश्वास उडाला. मुकुटबनच्या खोलीत बसून मी रबरी चेंडू दाबायची, मनगटाला जोर यावा म्हणून. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मग तो सोमवार आला. तांड्याचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे कापसानं भरलेली ट्रॉली समोरून आली. मी गाडी डावीकडे घेतली आणि अर्ध्या वळणात चाक अडकलं. दोन्ही हातांनी ओढलं. दातओठ खाऊन ओढलं. गाडी हळूच होती, पण सरळ जाऊन बाभळीवर आदळली. लेक त्याच वेळी पायाजवळ पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकली होती. तिचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

टाके पडले. दवाखान्यात नवरा आला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "आता बस झालं. तू एसटीनं जात जाय. गाडी मी चालवतो." मी काही बोलणार तर लेकच म्हणाली, "याडी, खरंच तू नको चालवू." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

गाडी दुरुस्त होऊन आली. तो ती लग्नकार्याला, बाजाराला, मित्रांना घेऊन फिरवू लागला, आणि त्याच्या हातात ती एकदाही अडली नाही. "पाहिलं? गाडीत काईच नव्हतं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी एसटीनं यायची. दोन बस बदलून, उभ्यानं. लेकीला सोमवारी तो सोडायचा.

एका रविवारी सकाळी मी अंगण झाडत होते. सासरे गाडीजवळ आले. दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असायची ती गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती. त्यांनी बॉनेट उघडलं, आत काहीतरी बसवलं, वरून मुठीनं एक ठोका दिला आणि बॉनेट लावलं. मी झाडू तिथेच टाकला.

"बा, काय करून राह्यले तुम्ही?"

"बॅटरी जोडली," ते सहज म्हणाले. "रातच्याले सोडून ठेवतो ना. ट्रॅक्टरची सोडतो तशी."

आमच्या तांड्यात ही रीतच आहे. दिवस मावळला की पूर्वी बैल सोडायचे, आता ट्रॅक्टरची बॅटरी सोडतात. मागे सासऱ्यांच्या ट्रॅक्टरची वायर रात्री जळाली आणि गोठ्यातलं सगळं कुटार, बैलांचा सुका चारा, खाक झालं. तेव्हापासून दारातल्या कोणत्याही गाडीची वायर ते रात्री जोडलेली ठेवत नाहीत. माझ्या कारलाही ते हात लावत असतील हे मात्र माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सकाळी टर्मिनल नुसता दाबून बसवायचा, कारण संध्याकाळी पुन्हा काढायचाच असतो. ट्रॅक्टरचं त्यानं काही बिघडत नाही. माझी गाडी तांड्यावर मुक्कामाला असायची ती शनिवार-रविवार. सोमवारी निघायची तेव्हा बॅटरी नुसती टेकवलेली असायची. पुढे खड्ड्यांच्या दणक्यांनी टर्मिनल खाली घट्ट बसायचा, म्हणून मुकुटबनला आठवडाभर काही व्हायचं नाही. घड्याळ का बिघडायचं, स्टिअरिंग का अडायचं, सगळं त्या एका ठोक्यात मला कळलं.

"पण बा, मले सांगाचं तरी!" माझा आवाज चढला.

म्हातारा गोंधळला. "सांगतलं ना वं बाई. गाडी आली त्याच हप्त्यात तुह्या मालकाले सांगतलं, का तिले पाना मारून निघत जाय म्हणा. तो म्हणे, सांगतो मी तिले. तो सोता तं रोज पाना मारूनच निघते."

खरंच होतं ते. तो रोज निघताना बॉनेट उघडायचा. मी विचारलं तर "पाणी पाह्यतो" म्हणायचा.

नवरा तोंडात ब्रश घालून बाहेर आला. मी विचारलं, "तुम्हाले मालूम होतं?"

त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थुंकला. "त्यात काय सांगाचं? गाडी चालवते ना तू? तुले समजाले पाहिजे होतं."

"पोट्टीचं कपाळ फुटलं अवो!"

"मंग म्या म्हटलं होतं काय तिले पुढं बसव म्हणून?"

त्याच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये त्यानं मेकॅनिकचा शब्द न् शब्द ऐकला होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, "माझा बाप काढतो." पण मग बाईमाणसाचा हात म्हणून हसता आलं नसतं आणि गाडीही हाती आली नसती. मी त्याला नाही नाही ते बोलले. सगळा तांडा ऐकत होता आणि मला ऐकवायचंच होतं. सासरे गाडीला टेकून खाली मान घालून उभे होते. त्यांची काही चूक नव्हती, तरी लाज त्यांनाच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी खिळ्यावरून किल्ली घेतली, नवऱ्याच्या टांगलेल्या शर्टाच्या खिशातून पाना काढला आणि टर्मिनल स्वतः कसला. लेक दप्तर घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा नाही येत?"

"नाही. मी सोडते तुले."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावला आणि दारावरची मूठ धरली. मी तिला सगळं सांगितलं, आजोबांची रीत, ढिला टर्मिनल, पाना, सगळं. मूठ न सोडता ती म्हणाली, "बाबा म्हणलेच होते, तू असंच काहीतरी सांगशील."

त्या दिवसापासून सासऱ्यांनी माझ्या गाडीची बॅटरी सोडली नाही, आणि स्टिअरिंग एकदाही अडलं नाही. घड्याळही बरोबर चालतं. लेक अजून मागेच बसते, आणि वळण आलं की मूठ घट्ट धरते. मला ते आरशात दिसतं.