जमिनीला छप्पर घालणारे काका

जमिनीशी आमच्या मावशीच्या यजमानांइतकं कडाक्याचं भांडण दुसऱ्या कोणी केलेलं मी तरी पाहिलं नाही. निजामाच्या राजवटीच्या अखेरच्या काळात काका नांदेडच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते आणि आयुष्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती: हिरवळीवर हॉकीचा एक सामना. मागणं साधंच, पण देवानं ते नेमकं काळ्या मातीच्या मुलखातल्या माणसाच्या डोक्यात घातलं. ही माती पावसाळ्यात खेळाडूला काठीसकट धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चेंडू आत गेला तर गेलाच. काका भेगेत हात घालून चेंडू चाचपडायचे आणि विंचू चावला तरी शिव्या मातीलाच द्यायचे. जेवतानाही तेच. कुस्करलेल्या भाकरीवर आमटी ओतायची आणि ती कशी जिरते ते टक लावून पाहत बसायचं. मावशी वैतागून म्हणायची, "जेवून राहिले का मैदान करून राहिले?"

एकदा त्यांनी शाळेच्या मैदानातली सगळी काळी माती खणून काढली. तळाशी दगड, त्यावर मुरूम, मग गोदावरीची वाळू आणि वर मातीचा पातळ थर देऊन हरळी लावली. पाणी घातलं की घटकेत पाताळात! हरळी वाळून कोळ झाली. तेव्हा काकांना घरावरचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आठवलं. आमच्याकडे धाब्यावर पांढरी माती चोपतात, तिच्यातून थेंब खाली उतरत नाही. काकांनी हरळीच्या मातीखाली तीच चोपून बसवली. या खेपेला हरळी तरारली, आणि काका गावभर ताठ मानेनं हिंडू लागले.

हेडमास्तरांनी बजावलं होतं, लातूरचा संघ येतोय. सामना या मैदानावर झाला नाही, तर जागा आठवडी बाजाराला जाईल. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला. धाब्याला निदान पन्हाळ असते, मैदानाला कुठली? सकाळी दोन्ही गोलांत बेडूक. हेडमास्तर म्हणाले, "मास्टरसाब, मैदान बोले थे, ये तो तालाब बना दिए!" लातूरची पोरं हसत हसत शेजारच्या मुरमाड माळावर गेली आणि सामना तिथंच झाला.

काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. घोटाभर पाण्यात उभे राहून ते पहारीनं पांढऱ्या थराला भोकं पाडत राहिले. मला ते बघवेना. संध्याकाळी सगळे पांगले तेव्हा पाणी खाली उतरलं होतं आणि हरळी अशी हिरवीगार उभी होती की माझा जीव तुटला. काकांनी मावशीला बोलावलं. तिनं वहाणा काढल्या, लुगडं किंचित उचललं आणि या गोलापासून त्या गोलापर्यंत सावकाश चालत गेली.

"कसं वाटून राहिलं?"

"गादीवानी हाय की हो. लई मऊ."

काका बराच वेळ तिच्या पावलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून एक चक्कर मार. उद्या इथं बाजारवाले पालाच्या खुंट्या ठोकणार हाईत."