तिरक्या खोलीतला बघण्याचा कार्यक्रम

थेरगावात आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वेल्डिंग नवरा करतो, मापं मी घेते. वाकडच्या एका मॉलमध्ये नजर फसवणाऱ्या खेळांचं प्रदर्शन उघडायचं होतं. तिथल्या एका खोलीचा सांगाडा करायचं काम आमच्याकडे आलं. नकाशात जमीन तिरकी, छत तिरकं, मागची भिंत डावीकडे लांब पळालेली. मी म्हटलं, काढणाऱ्याला डुलकी लागली असणार! आम्ही गुण्या लावून सगळं काटकोनात बसवलं, वर चूक सुधारली म्हणून ऐटीत सांगितलंही. तिथला साहेब कपाळाला हात लावून बसला. "अहो ताई, तिरकेपणाच बघायला लोक येणार आहेत!"

सगळं कापून पुन्हा केलं, तेव्हा गंमत कळली. समोरच्या भिंतीला एक भोक ठेवलेलं असतं. त्याला एकच डोळा लावायचा. तिथून खोली अगदी चौकोनी दिसते, कारण खिडक्या, फरश्यासुद्धा त्याच मापानं तिरक्या केलेल्या असतात. डावा कोपरा खरा दुप्पट लांब, पण डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणून डावीकडचा माणूस ठेंगू दिसतो आणि उजवीकडचा ताडमाड.

माझी लेक चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्यावर गेलीय, चार फूट दहा इंच. तीन स्थळं उंचीवरून मोडलेली. खोटं कशाला बोलू, मी आतून घाबरले होते. चौथ्या स्थळानं त्याच मॉलमध्ये भेटायचं ठरवलं. मुलाच्या आईनं चहा यायच्या आत दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. फूड कोर्टात, चारचौघांत!

"मुलगी चांगली आहे हो, पण उंची जरा कमी पडते."

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. लेकीचे कान लाल झाले. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"चला, आम्ही केलेली खोली दाखवते," मी म्हटलं. नवरा हळूच म्हणाला, "अगं, दमानं. स्थळ जाईल."

"जाऊ दे गेलं तर!"

मुलाला डाव्या कोपऱ्यात धाडलं, लेकीला उजव्या. "या ताई, लावा डोळा."

त्यांनी लावला आणि ओरडल्याच. "अगं बाई! माझा लेक एवढुसा?"

"मग करा की त्याला नापास."

"काहीतरीच! हे खोटं आहे."

"खोटंच आहे. एका भोकातून, एका डोळ्यानं माणूस बघितला की असाच दिसतो."

मुलगा खोलीतून बाहेर आला तशा बाई त्याच्यावर खेकसल्या, "अरे, तू बोल ना काहीतरी!" त्यानं आईकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइल काढला.

तेवढ्यात लेक कोपऱ्यातून बाहेर आली. पाहुणे आले की माझ्या मागे उभी राहणारी पोर ती, सरळ त्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, मुलगा चांगला आहे हो," ती म्हणाली, "पण आवाज जरा कमी पडतो."