भर उन्हात बंद पडलेलं सोलार

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

मुकुंदवाडीत आमच्या गच्चीवर सोलार बसवलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. सगळ्यांना सांगून ठेवलं, आता लाइट गेली की आमच्याकडं या.

आज दुपारी लाइट गेली. शेजारच्या शाहीनभाभी आल्या, एका हातानं वडलांना धरून, दुसऱ्या हातानं त्यांचं ऑक्सिजनचं मशीन ओढत. पिन लावली. मशीन चालू होईना. आमचा पंखाही बंदच.

सोलारवाल्याला फोन केला. म्हणाला, "ताई, लाइन गेली की हे सोलारही बंद होतं. नाहीतर तुमचा करंट खांबावरच्या लाइनमनला बसेल. बॅटरीवालं वेगळं असतं."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाय."

भाभीचे अब्बा धापा टाकत खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "बेटी, इतनी धूप है, फिर भी नहीं चलता?"

मी धावत जाऊन रिक्षा आणली. भाभींनी त्यांना दवाखान्यात नेलंय. भाभी फोन उचलत नाहीयेत.

तुमच्या गच्चीवर सोलार असेल तर आत्ता मेन स्विच बंद करा आणि पंखा फिरतो का बघा. नाही फिरला, तर शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा.