विद्यापीठाशी घासाघीस

माझ्या विहीणबाईंनी उभ्या जन्मात कुठल्याही गोष्टीची सांगितलेली किंमत दिलेली नाही, आणि वर गेल्यावर चित्रगुप्तालाही त्या "दोन पापं कमी करा, नाहीतर चालले मी" असं सुनावणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आमच्या बाजारात केबिन रोडवर त्या दिसल्या की फेरीवाले आधीच म्हणतात, "आंटी, आपही बोलो." दाताच्या डॉक्टरलाही त्यांनी विचारलं होतं, "दोन दाढा एकदम करतेय, दुसरीत काय कमी करता?" आणि त्याने केले! त्यांचं शास्त्र पक्कं: वस्तू आवडली हे तोंडावर दिसू द्यायचं नाही आणि पाठ फिरवली की सावकाश चालायचं, म्हणजे हाक ऐकू येते.

मी याच्या अगदी उलट. गिरगावातून नवघरला राहायला आले तेव्हा माझा तोरा असा, की भाव करणं म्हणजे अब्रू जाणं. मी दिसले की फळवाला टोपलीच्या तळातले आंबे वर काढायचा आणि भाव दुप्पट सांगायचा. मला वाटायचं, काय मान देतात हो लोक! त्याच तोऱ्यात मी मुलीचंही नुकसान केलं. बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिथे फी माफीचा अर्ज मिळायचा. पण त्याला उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखल्याच्या कचेरीत आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ बसायचे. त्यांना आमचं उत्पन्न कळणार? छे! "तसलं काही आपल्यासाठी नसतं," असं मी मुलीला सांगितलं. ती जवळच्या कॉलेजात गेली आणि मी बिल्डिंगभर सांगितलं, आम्हालाच तिला लांब पाठवायचं नव्हतं.

यंदा तिच्या मुलीची, म्हणजे विहीणबाईंच्या आणि माझ्या नातीची वेळ आली. दोन विद्यापीठांची पत्रं आली होती. गुजरातेतलं अर्धी फी माफ करत होतं, पण तिथल्या अभ्यासात समुद्र नुसता पुस्तकात. दक्षिणेतल्याची स्वतःची बोट, सागरी जीवशास्त्र, पोरीचा जीव तिथेच अडकलेला. पण त्यांनी माफी दिली होती ती चटणीएवढी. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. नात दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"जावयांची... म्हणजे माझ्या मुलाची नोकरी गेली, हे त्यांना कळवलंत का?" विहीणबाईंनी विचारलं.

"अहो, असं बाहेर कशाला सांगायचं?" मी म्हणाले. बघा, वय वाढलं तरी तोरा तस्साच!

"ताप आल्यावर थर्मामीटर लपवता का, विहीणबाई? अर्ज भरला तेव्हा पगार होता, आता नाही. ते बिचारे जुन्या पगारावर हिशेब करतायत. हं, लिही गं."

नात लॅपटॉप घेऊन बसली. विहीणबाईंनी सांगितलं, "पहिलं वाक्य, तुमचं विद्यापीठ मला फार आवडलंय."

"आवडलं म्हटलं की भाव उतरत नाही ना?" मी टोकलं.

"ते दुधीभोपळ्याला. इथे पत्र समोरचा माणूस वाचणार आहे."

मग नोकरी गेल्याचं पत्र, नवा दाखला, गुजरातच्या पत्राची प्रत, सगळं जोडलं. गुरुवारी तिथल्या बाईंचा फोन आला, कमिटी विचार करतेय. विहीणबाई फोनमध्ये वाकून म्हणाल्या, "मॅडम, आप आराम से सोचो, बस हमारा फ्रायडे आगे कर दो." शुक्रवार आठवडाभर पुढे सरकला. आणि पुढच्या बुधवारी उत्तर आलं: फी निम्म्याहून जास्त माफ, दर वर्षी मार्क टिकवायचे. नात ओरडतच सुटली. विहीणबाई म्हणाल्या, "मेसचं काय ते विचारलंस का?"

मुलगी ऑफिसातून आली, पत्र वाचलं आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून सासूचे दोन्ही हात धरले. "आई, माझ्या वेळी तुम्ही हव्या होतात. तेव्हा असले अर्ज असते तर..."

मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. इतकी वर्षं खपलंच होतं.

"अर्ज होता गं," मी म्हणाले. "आणला होता मी. दाखल्याची लाज वाटली म्हणून भरला नाही."

विहीणबाई नातीला घेऊन आत गेल्या. मुलगी माझ्यासमोर बसली. रागावेल, रडेल, अशी माझी तयारी होती. तिने खांद्यावरची पर्स काढून मांडीवर घेतली.

"किती पानांचा होता गं?" तिने विचारलं.

"एकच," मी म्हणाले. "पाठपोट."